यंदा हिकरी लागली आहे

हिकरी हे अक्रोडाच्या कुळातलं झाड. तिच्या फळाचं टरफल पाचोळ्यावर पडतं तेव्हा वळवाचा पहिला टपोरा थेंब पडल्यासारखा आवाज येतो. टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ दोन-तीन. वर साठ-सत्तर फुटांवर पानांच्या आड बसून खार फळ कुरतडत असते आणि सालीचे तुकडे खाली पडत असतात. हा आवाज ओळखू यायला मला तीन फेऱ्या लागल्या. आधीच्या दोन फेऱ्यांतही तो कानांवर पडला असणारच, पण मी तेव्हा नुसता डोळ्यांनी खार शोधत होतो.

मी ओहायोत, कोलंबसला राहतो. शिकारीला आम्ही तिघं जातो: मी, सांगलीकर आणि डॉक्टर. डॉक्टर मूळचा परभणीचा, जनावरांचा डॉक्टर. आणि आम्हाला या वाटेला लावणारे माझे शेजारी. वय ७८, जन्म व्हिंटन काउंटीतला, हयात खाणीत आणि मग ट्रक चालवण्यात गेलेली. आम्ही त्यांना 'आजोबा' म्हणतो. या शब्दाचा अर्थ त्यांना सांगितला तेव्हापासून आमच्या घरी फोन करताना ते स्वतःची ओळख तशीच करून देतात.

शिकार हा शब्द माझ्या मनात गुन्हा म्हणूनच होता. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या माणसाचं तसंच असणार, आणि ते बरोबरच आहे. त्यात हा प्राणी खार! आमच्या दारातल्या पेरूवर खारी असायच्या आणि आजी दर वेळी सेतू बांधायला वाळू वाहणाऱ्या खारीची गोष्ट सांगायची. रामाने पाठीवरून बोटं फिरवली, त्याचे हे पट्टे. त्या गोष्टीवर वाढलेल्या माणसाने खारीवर बंदूक रोखायची, हे मला महिनाभर पटत नव्हतं.

डॉक्टरने मला दुसऱ्या बाजूने समजावलं. तो म्हणाला, "तू कोंबडी खातोस ना? ती कशी वाढते, कशी मरते, ते मला विचार." इथल्या करड्या खारी संख्येने भरपूर आहेत. ओहायोत त्यांचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी, आणि माणशी दिवसाला सहाची मर्यादा. परवान्याचे पैसे राज्याच्या वन्यजीव खात्याकडे जातात. शिवाय १९३७ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर जो कर बसतो, तोही वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटला जातो. हे सगळं ऐकून मी तयार झालो असं नाही. तयार झालो ते आजोबांच्या घरी जेवल्यावर. पिठात घोळून तळलेली खार आणि तिच्याच तेलातली दाट ग्रेव्ही त्यांनी पानात वाढली, आणि जेवण होईपर्यंत ती कुठल्या झाडाखाली मिळाली हेच ते सांगत राहिले. मांसाबद्दल इतक्या जिव्हाळ्याने बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पहिला परवाना घ्यायच्या आधी इथे शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं. आम्ही तिघांनी कोर्स केला, परीक्षा दिली. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कधी कुणाकडे वळू द्यायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. आणि निशाणाच्या मागे काय आहे ते आधी पाहायचं. या शेवटच्या नियमाचं खारीच्या शिकारीत विशेष महत्त्व आहे. पॉइंट टू-टू रायफलची गोळी दिसायला शेंगदाण्याएवढी, पण ती मैलाहून लांब जाऊ शकते. खार फांदीवर, तिच्या मागे उघडं आकाश; नेम चुकला तर ती गोळी कुठे उतरेल? म्हणून टू-टू वापरायची तर खारीच्या मागे जाड खोड हवं. नसेल तर थांबायचं. छऱ्याच्या बंदुकीचे बारीक छर्रे तेवढे लांब जात नाहीत. आजोबांनी मला सुरुवातीला त्यांची एकनळी वीस गेजची बंदूकच दिली, ती यामुळे.

पहिली फेरी १० सप्टेंबर २०२२ ची. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून रात्री उशिरा घरी आलो होतो. पहाटे साडेचारला निघालो. कोलंबसहून आग्नेयेला लँकेस्टर, लोगन करत झॅलेस्कीच्या सरकारी जंगलात पोचलो तरी अंधारच होता. इथे सप्टेंबरमध्ये उजाडायला सात वाजतात.

हे जंगल जुनं वाटतं, पण ते पुन्हा उगवलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात इथे लोखंडाच्या भट्ट्या होत्या, त्यांच्या कोळशासाठी डोंगरच्या डोंगर बोडके झाले. होप फर्नेस नावाच्या भट्टीची दगडी धुरांडी अजून रस्त्याकडेला उभी आहे. झाडं तोडून संपली, भट्ट्या बंद पडल्या, मग हळूहळू ओक आणि हिकरी परत आल्या. आजोबांच्या लहानपणी यातले कित्येक उतार नुसते झुडपांचे होते म्हणे.

त्या दिवशी आम्हाला खारी ऐकू आल्या, दिसल्याही, पण हाती एकही लागली नाही. आता कळतं, आम्ही चालत फार होतो. शंभर पावलं गेलं की थांबायचो, पाच मिनिटं उभे राहायचो, कंटाळून पुढे निघायचो. खार माणसाची चाहूल लागली की गप्प बसते आणि पुन्हा बाहेर यायला चांगली वीस मिनिटं घेते. म्हणजे दर वेळी आम्ही पंधरा मिनिटं आधीच उठत होतो. त्यात झाडं पूर्ण पानावर, डास, उकाडा. सांगलीकरच्या पायाला तीन गोचिड्या चिकटल्या होत्या.

पण त्याच दिवशी ओढ्याच्या काठी आम्हाला पॉपॉ सापडला. हे फळ आपल्या सीताफळाच्या कुळातलं. झाड लहानखुरं, पानं लांब रुंद, फळ हिरवट पिवळं, आणि आतला गर कस्टर्डसारखा पिवळा. चवीला थोडं केळं, थोडं आंबा. चपट्या काळसर बियांकडे पाहिल्याबरोबर डॉक्टर म्हणाला, "अरे, हे आपलंच आहे." आम्ही दगडावर बसून प्रत्येकी चार-चार फळं खाल्ली आणि दोन डझन घरी नेली. रिकाम्या हाताने परतलो असं घरच्यांना वाटलंच नाही.

दुसऱ्या फेरीत सप्टेंबरअखेरीला डॉक्टरला एक खार मिळाली. मानेपाशी कातडीखाली बोराएवढ्या दोन गाठी होत्या. त्याने चाकूने चीर दिली तर आत जाड, काळपट अळ्या. एका प्रकारच्या माशीच्या त्या अळ्या. त्या कातडीखाली वाढतात, मांसात जात नाहीत, तेव्हा खायला हरकत नव्हती, आणि हे त्यानेच आम्हाला समजावून सांगितलं. तरी ती शिजवायला मन होईना. शेवटी आजोबांनी नेली. ते म्हणाले, "म्हणूनच माझे वडील पहिलं गोठलेलं दव पडल्याशिवाय निघत नसत." थंडी पडली की त्या अळ्या गेलेल्या असतात.

तिसऱ्या फेरीला आजोबा स्वतः आले. दसऱ्यानंतरचा शनिवार, ८ ऑक्टोबर. आम्ही गाडीतून उतरून नेहमीसारखे डोंगराच्या सोंडेवर चढायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. खाली वाकून त्यांनी पाचोळ्यातून हिकरीची चार टरफलं उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. दोन काळी पडलेली, सुकलेली. दोन आतून हिरवट पांढरी, ओली. "ही ओली आजची असतील, नाहीतर कालची. खार कुठे आहे ते शोधू नका. ती कशावर जेवते आहे ते शोधा."

मग त्यांनी आम्हाला झाडं दाखवली. शॅगबार्क हिकरी, जिच्या सालीच्या लांब पट्ट्या सुटून खोडाला लोंबकळत असतात. लांबूनही ओळखू येते. पांढरा ओक, ज्याच्या पानांच्या कडा गोल. लाल ओक, ज्याच्या पानांना टोकं. पांढऱ्या ओकचं फळ त्याच वर्षी पिकतं आणि पडल्यावर लगेच रुजायला लागतं. लाल ओकचं फळ पिकायला दोन वर्षं घेतं आणि वसंतापर्यंत रुजत नाही. खारीला हा फरक कळतो. लाल ओकचं फळ ती तसंच पुरून ठेवते. पांढऱ्याचं एक तर जागीच खाते, नाहीतर पुरण्याआधी त्याचा कोंब कुरतडून टाकते, म्हणजे ते रुजणार नाही. एवढ्याशा प्राण्याला एवढं शहाणपण असतं, हे त्या सकाळी प्रथम ऐकलं आणि मला आजीची खार आठवली.

आजोबांनी मला एका शॅगबार्कपासून पंचवीस पावलांवर, एका ओकच्या बुंध्याला पाठ टेकवून बसवलं. चाळीस मिनिटं हलायचं नाही. पहिली दहा मिनिटं पाठ दुखली. मग दुखणं विसरलो. सुतार पक्षी येऊन गेला. एक हरणी पाडसासह समोरून गेली आणि तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग टप्प. मी वर पाहिलं नाही, आधी ऐकलं. पुन्हा टप्प, जरा डावीकडे. तिथल्या पानांचा एक झुपका वारा नसताना हलत होता.

खार खोडावरून उतरली आणि मला पाहताच खोडामागे गेली. ही तिची हमखास युक्ती. आपण उजवीकडून गेलो की ती डावीकडे, आपण डावीकडून की ती उजवीकडे. मध्ये कायम खोड. इथेच सोबत्याचा उपयोग. मी बसल्या जागी राहिलो आणि सांगलीकर पाचोळा तुडवत मुद्दाम लांबून झाडाच्या मागच्या बाजूला गेला. खार त्याच्यापासून लपायला फिरून माझ्या बाजूला आली. फांदीच्या बेचक्यात बसली. मागे जाड खोड होतं. मी खटका सरकवला, नेम धरला, चाप ओढला.

ती पडली तेव्हा मेलेलीच होती. मी जवळ गेलो, गुडघ्यांवर बसलो. अंग ऊबदार होतं. पोट पांढरं, पाठ करडी, शेपटीच्या कडेला रुपेरी केस. पाठीवर पट्टे नव्हते. ते मी आधी पाहिलं. डोळे उघडेच होते. मला काय वाटलं ते मी सांगलीकरला सांगू शकलो नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. त्याने फक्त पाण्याची बाटली पुढे केली. बऱ्याच वेळाने आजोबा आले, त्यांनी टोपी काढली, खारीकडे पाहिलं आणि पुन्हा घातली. ते हे प्रत्येक खारीला करतात.

त्या दिवशी चौघांत मिळून पाच खारी मिळाल्या. सोलायचं लगेच, अंग गार व्हायच्या आत, नाहीतर केस मांसाला चिकटतात आणि मग जाता जात नाहीत. शेपटीच्या मुळाशी खालून चीर द्यायची, हाड कापायचं पण वरची कातडी तशीच ठेवायची. शेपटीवर पाय देऊन मागचे पाय धरून सावकाश वर ओढलं की कातडी अंगरख्यासारखी निघते. हातात रबरी मोजे हवेतच. ससे आणि खारींकडून टुलरेमिया नावाचा संसर्गजन्य रोग होऊ शकतो, हे डॉक्टर दर वेळी बजावतो.

घरी आल्यावर मांस रात्रभर मिठाच्या पाण्यात. आजोबा तरुण खारी तळतात, म्हाताऱ्या शिजवतात. कोणती तरुण ते सोलतानाच समजतं, म्हातारीची कातडी निघता निघत नाही. सांगलीकरच्या घरी कुकरला सहा शिट्ट्या करून कांदा-लसूण मसाल्यातला तांबडा रस्सा झाला, सोबत ज्वारीची भाकरी. मांस कोंबडीपेक्षा गडद, दाणेदार, आणि त्याला सुक्या मेव्यासारखी किंचित गोडी. रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "टाकलं नाहीस ना काही?" नाही म्हटलं. "मग ठीक आहे." त्यावर पुन्हा कधी विषय निघाला नाही.

पुढची फेरी वाऱ्यात गेली. वारा सुटला की सगळंच जंगल हलतं, हलणारा झुपका वेगळा काढता येत नाही, टरफलाचा आवाज ऐकू येत नाही, आणि खारीही ढोलीत बसून राहतात. दुपारी आजोबांच्या घरी चहा झाला. त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत एक पिवळा पडलेला कागद आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ च्या सप्टेंबरात, दक्षिणेची फौज ओहायोतल्या सिनसिनाटीवर चालून येत होती, तेव्हा राज्याचे गव्हर्नर डेव्हिड टॉड यांनी लोकांना हाक दिली. शेतकरी आपापल्या घरच्या बंदुका घेऊन आले, पंधरा हजारांहून जास्त. त्यांना नाव पडलं 'स्क्विरल हंटर्स', म्हणजे खारींचे शिकारी. मोठी लढाई न होताच शत्रू मागे फिरला आणि या माणसांना राज्याने सेवामुक्तीचं छापील प्रमाणपत्र दिलं. तो कागद आजोबांच्या पणजोबांचा. त्याच राज्यात १८०७ साली कायदा होता की करदात्याने कराबरोबर खारींच्या डोक्यांवरची कातडीही जमा करायची, १० ते १०० पर्यंत, इतक्या त्या मक्याच्या शेतांवर तुटून पडत. आज त्याच प्राण्याला हंगाम आहे, मर्यादा आहे. मला हा प्रवास फार मोलाचा वाटतो.

नोव्हेंबरातली फेरी मी विसरू शकत नाही. पानं गळली होती, लांबवर दिसत होतं. मी पहिल्यांदाच टू-टू रायफल नेली होती. चाळीसेक पावलांवर खार होती, मागे खोड होतं, सगळं नियमाप्रमाणे. पण खार नीट बसलेली नव्हती, चालत होती. मी घाई केली. ती घसरली, एका पंजाने लटकली, पुन्हा वर चढली आणि बीच नावाच्या एका पोकळ झाडाच्या ढोलीत गेली. आम्ही तिघं दीड तास त्या झाडाखाली थांबलो. खोडावर रक्ताचा एक ठिपका होता. ढोली तीस फुटांवर, चढता येण्यासारखं झाड नाही. अंधार पडायला लागल्यावर निघावं लागलं. गाडीत कुणी बोललं नाही. आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला धीर दिला नाही, आणि ते बरोबरच केलं. एवढंच म्हणाले, "पंचवीस पावलांवर दहापैकी दहा झाल्याशिवाय रायफल जंगलात नेऊ नकोस."

हिवाळाभर मी दर रविवारी नेमबाजीच्या मैदानावर गेलो. कागदावर रुपयाएवढं वर्तुळ. जानेवारी संपला, हंगाम संपला, तोवर दहापैकी आठ. मी त्या वर्षी पुन्हा जंगलात गेलो नाही. दहापैकी दहा मे महिन्यात झाले.

आणि मग २०२३ चा हंगाम आला. आता आम्हाला बसता येत होतं, ऐकता येत होतं, माझा नेम सुधारला होता, आणि आमच्या सोंडेवर काही नव्हतं. आमची शॅगबार्क जवळपास रिकामी. पांढऱ्या ओकखालीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी फळं. पाच फेऱ्या झाल्या, तिघांत मिळून दोन खारी. सांगलीकर म्हणाला, नशीब रुसलं. मला आमच्या परसातला रायवळ आंबा आठवला. एका वर्षी फांद्या मोडतील इतका लागायचा आणि पुढच्या वर्षी लोणच्यापुरत्याही कैऱ्या नसायच्या. हिकरीचंही तसंच. दर वर्षी सारखी लागत नाही. शिवाय वसंतात मोहोरावर उशिराचं गोठलेलं दव पडलं तर त्या वर्षीचं फळ गेलंच. मागच्या वर्षीच्या पाच खारींमध्ये आमचं कसब किती आणि झाडाचं देणं किती, ते मला त्या रिकाम्या फेऱ्यांत कळलं.

त्या वर्षी जानेवारीअखेर बर्फ पडल्यावर आम्ही शेवटचं गेलो. एक खार बर्फ उकरत होती. नाक खुपसायची, पुढे जायची, पुन्हा उकरायची. चौथ्या ठिकाणी तिला पुरलेलं फळ सापडलं. मी तिला पंधरा मिनिटं पाहिलं. बंदूक मांडीवरच होती. डॉक्टर पलीकडच्या झाडाखाली होता, त्यालाही ती दिसत होती. त्यानेही बंदूक उचलली नाही. आम्ही त्यावर नंतर बोललो नाही.

आजोबांचे गुडघे आता सोंड चढू देत नाहीत. गेल्या हंगामात आम्ही त्यांना गाडीरस्त्यालगतच्या एका बीचखाली खुर्ची मांडून बसवलं, दुपारपर्यंत त्यांनी दोन मिळवल्या.

या ऑगस्टमध्ये मी एकटाच झॅलेस्कीला जाऊन आलो. बंदूक नेली नव्हती, दुर्बीण होती. दिवसभर मान वर करून फिरलो. पांढरा ओक बेताचाच आहे. पण सोंडेच्या दक्षिण उतारावरच्या हिकरींना फळांचे घोस आहेत, एकेका डहाळीला तीन-तीन, चार-चार. संध्याकाळी घरी न जाता आधी आजोबांकडे गेलो. ते पडवीत बसले होते. मी म्हणालो, "आजोबा, यंदा हिकरी लागली आहे."

ते खुर्चीत पुढे झुकले. "कुठली? ओढ्याजवळची, की वरची?"